पापण्यांचे सीरम घेण्याआधी

काचबिंदूच्या काही रुग्णांना औषधाचे थेंब एकाच डोळ्यात घालावे लागतात. १९९६ मध्ये लॅटॅनोप्रॉस्ट नावाचे थेंब अमेरिकेत मिळू लागले आणि सिअ‍ॅटलचे नेत्रतज्ज्ञ मरे जॉन्स्टन यांना अशा रुग्णांमध्ये एक चमत्कारिक फरक दिसू लागला. थेंब घातलेल्या डोळ्याच्या पापण्यांचे केस लांब, जाड आणि काळेभोर झालेले. दुसऱ्या डोळ्याचे मात्र होते तसेच. त्यांनी १९९७ मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध केले. माणूस एकच, डोळे दोन, औषध एकातच: इतका नेटका प्रयोग ठरवूनही जमला नसता. आज ‘लॅश सीरम’ म्हणून ज्या चिमुकल्या, महागड्या बाटल्या विकल्या जातात, त्यांची कुळकथा इथून सुरू होते.

या औषधामागे कोलंबिया विद्यापीठातल्या लास्लो बिटो यांचे संशोधन होते. १९५६ च्या उठावानंतर हंगेरी सोडून आलेला हा माणूस. प्रोस्टाग्लँडिन हे शरीरातच तयार होणारे रसायन डोळ्यातला दाब वाढवते, अशी तेव्हा समजूत होती. अगदी थोड्या मात्रेत ते दाब उलट कमी करते, हे बिटो यांनी दाखवले आणि काचबिंदूच्या उपचाराची दिशाच बदलली. (पुढे ते हंगेरीला परतले आणि कादंबऱ्या लिहू लागले.) २००१ मध्ये त्याच घराण्यातले बायमॅटोप्रॉस्ट आले. त्यानेही पापण्या वाढत. मग बोटॉक्समुळे प्रसिद्ध असलेल्या अ‍ॅलर्गन कंपनीने या दुष्परिणामालाच गुण ठरवले. काचबिंदूच्या थेंबांतलेच ०.०३ टक्क्यांचे बायमॅटोप्रॉस्ट नव्या खोक्यात, सोबत बारीक ब्रश आणि ‘लॅटिस’ हे नाव. डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, त्याला मान्यता दिली. महिन्याचा खर्च तेव्हा सुमारे १२० डॉलर होता.

साठीच्या आसपास आरशात पाहताना पापण्या विरळ झाल्याचे जाणवते. लग्नसराईत फोटो निघतात, आणि मग भाची किंवा सून मोबाइलवर एखाद्या सीरमची जाहिरात पाठवते. कोणते घेऊ, असा प्रश्न त्यातून येतो. या लेखाचा रोख आधीच सांगितलेला बरा. पापण्या खरोखर वाढवते ते औषध आहे आणि त्याला औषधासारखेच वागवायला हवे. जे प्रसाधन आहे, ते पापण्या वाढवत नाही. आणि उतारवयात पापण्या गळण्याचे कारण पुष्कळदा असे असते, की त्याला सीरम लागतच नाही.

आधी केसाची गोष्ट. डोक्यावरचा केस दोन ते सहा वर्षे वाढत राहतो. पापणीचा केस चार ते दहा आठवडे वाढतो, मग थांबतो, काही महिने नुसता बसून राहतो आणि गळतो. म्हणून पापण्या कधी कापाव्या लागत नाहीत. वरच्या पापणीवर साधारण ९० ते १६० केस असतात, लांबी ८ ते १२ मिलिमीटर, आणि कोणत्याही वेळी त्यांतले सुमारे ४० टक्केच वाढीच्या अवस्थेत असतात. खालच्या पापणीत तर जेमतेम १५ टक्के. वय वाढते तशी वाढीची अवस्था आखडते, नवा केस पूर्वीपेक्षा बारीक आणि आखूड येतो, त्याचा रंगही उतरतो. रोज दोन-चार केस गळणे यात काहीच विशेष नाही.

वाढीचा वेग दिवसाला ०.१२ ते ०.१४ मिलिमीटर. म्हणजे सात दिवसांत एक मिलिमीटरही नाही. ‘आठवड्यात फरक पाहा’ असे खोक्यावर छापलेले असेल तर ही आकडेमोड करून बघावी आणि खोका परत ठेवावा. बायमॅटोप्रॉस्टसारख्या खात्रीच्या औषधालाही पूर्ण परिणाम दिसायला १६ आठवडे लागतात, कारण ते नवे केस रुजवत नाही. आहे त्याच मुळांना वाढीच्या अवस्थेत जास्त काळ धरून ठेवते. मूळच मेले असेल तर तेही काही करू शकत नाही.

आणि लांब म्हणजे चांगले, असेही नाही. अटलांटातल्या जॉर्जिया टेक संस्थेच्या संशोधकांनी २०१५ मध्ये २२ सस्तन प्राण्यांच्या पापण्या मोजल्या. बहुतेकांत पापणीची लांबी डोळ्याच्या रुंदीच्या सुमारे एक तृतीयांश निघाली. त्यांनी हवेच्या बोगद्यात कृत्रिम डोळा ठेवून पाहिले, तेव्हा नेमक्या याच लांबीला डोळ्यावर येणारी हवा आणि धूळ सर्वांत कमी झाली. पापण्या त्याहून लांब केल्या, की त्या हवा अडवण्याऐवजी डोळ्याकडे वळवू लागल्या. ज्यांचे डोळे वयामुळे आधीच कोरडे पडतात, चुरचुरतात, त्यांनी चिकटवायच्या लांबलचक पापण्या घेताना हे ध्यानात ठेवावे. त्यांचा गोंद आणि त्या उपटताना सोबत येणारे खरे केस हा वेगळाच विषय.

आता बायमॅटोप्रॉस्ट किती काम करते ते पाहू, कारण बाकी सगळ्यांची तुलना त्याच्याशीच करावी लागते. मान्यतेसाठी झालेल्या चाचणीत २७८ जण होते. निम्म्यांना औषध, निम्म्यांना तसेच दिसणारे पण औषध नसलेले द्रव. १६ आठवड्यांनी औषध घेतलेल्यांपैकी ७८ टक्क्यांच्या पापण्यांत ठरलेल्या मोजपट्टीवर किमान एका पायरीची सुधारणा दिसली. लांबी सरासरी २५ टक्क्यांनी वाढली, दाटपणा दुपटीहून थोडा अधिक झाला, रंग १८ टक्क्यांनी गडद झाला. यातला आणखी एक आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ज्यांना औषध नसलेले द्रव दिले होते, त्यांच्यातही १८ टक्क्यांना सुधारणा दिसली होती. म्हणजे सीरम वापरणाऱ्या पाच-सहा जणींत एखादी तरी अशी निघते, की जिच्या बाटलीत काहीही नसते तरी तिच्यात सुधारणा दिसली असती.

त्याची किंमत काय, तर डोळे लाल होणे, खाज सुटणे हे किरकोळ. पापणीच्या कडेची कातडी काळवंडते; औषध थांबवल्यावर ती बहुधा पूर्ववत होते. बुबुळाचा रंग गडद होऊ शकतो आणि तो बदल कायमचा असतो. थेंब डोळ्यात न घालता पापणीवर लावला तर ही शक्यता बरीच कमी, पण शून्य नाही. गडद तपकिरी डोळ्यांत हा फरक कोणाला कळणारही नाही. तो उठून दिसतो मिश्र रंगाच्या, हिरवट-तपकिरी डोळ्यांत. कोकणस्थांच्या घरांत घाऱ्या डोळ्यांचे कौतुक असते. त्या डोळ्यांच्या आजीबाईंनी सीरम लावताना हा विचार जरूर करावा.

उतारवयात सर्वांत जड जाणारा परिणाम मात्र वेगळाच आहे आणि जाहिरातीत त्याचा उल्लेख मिळणार नाही. ही औषधे डोळ्याच्या खोबणीतली चरबी कमी करतात. डोळा आत ओढल्यासारखा दिसतो, वरच्या पापणीवर खळगा पडतो, कधी पापणी किंचित खाली येते. बायमॅटोप्रॉस्टच्या थेंबांच्या बाबतीत नेत्रतज्ज्ञांनी २००४ पासून याची नोंद घेतली आहे. पंचविशीतल्या गुबगुबीत चेहऱ्यावर हे लपून जाईल. सत्तरीत ही चरबी आधीच ओसरलेली असते, डोळे खोल गेलेले असतात. तरुण दिसण्यासाठी लावलेल्या द्रवाने चेहरा थकलेला दिसू लागला, तर तो व्यवहार आतबट्ट्याचाच. औषध थांबवल्यावर हा बदल काही अंशी भरून निघतो, सर्वांच्या बाबतीत पूर्णपणे नाही.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांनीही सावध राहावे. शस्त्रक्रियेत गुंतागुंत झाली असेल, लेन्सची मागची पिशवी फाटली असेल, डोळ्याला पूर्वी आतून सूज आली असेल किंवा मधुमेहामुळे दृष्टिपटलावर उपचार चालू असतील, तर प्रोस्टाग्लँडिनच्या औषधांनी दृष्टिपटलाच्या मध्यभागी सूज येण्याचा धोका असतो. अशा वेळी पापण्यांचा विषय बाजूला ठेवावा, हे माझे स्पष्ट मत.

मग दुकानातल्या आणि ऑनलाइन मिळणाऱ्या ‘कॉस्मेटिक’ सीरमचे काय? इथे खरी मेख आहे. त्यांतल्या काहींनी खरोखर पापण्या वाढतात, कारण त्यांत गुपचूप याच घराण्यातले रसायन असते. २००७ मध्ये अमेरिकी सरकारने कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीच्या बारा हजारांहून अधिक ट्यूब जप्त केल्या. प्रसाधन म्हणून विकल्या जाणाऱ्या त्या ट्यूबमध्ये बायमॅटोप्रॉस्ट होते. त्यानंतर काही उत्पादक त्याच्या चुलतभावंडांकडे वळले. ‘रॅपिडलॅश’ बनवणाऱ्या कंपनीला एफडीएने २०११ मध्ये ताकीद देणारे पत्र पाठवले. त्यात आयसोप्रोपिल क्लोप्रोस्टेनेट होते, आणि असा घटक घातलेले द्रव पापण्या वाढवण्यासाठी विकायचे तर ते प्रसाधन नसून औषध ठरते, असे एफडीएचे म्हणणे होते. २०२२ मध्ये युरोपीय आयोगाच्या ग्राहक-सुरक्षा विषयक वैज्ञानिक समितीने अशा तीन रसायनांचा आढावा घेतला. डोळ्याजवळ लावण्यासाठी ती सुरक्षित आहेत असे म्हणण्याइतका पुरावा समितीला मिळाला नाही आणि तिने काळजी व्यक्त केली.

म्हणून घटकांची यादी वाचायची सवय लावून घ्यावी. अक्षरे मुंगीएवढी असतात. फोनने फोटो काढून तो मोठा करून वाचावा. त्या यादीत पी-आर-ओ-एस-टी ही पाच इंग्रजी अक्षरे सलग कुठे येतात का, हे आधी शोधायचे. क्लोप्रोस्टेनेट, टॅफ्लुप्रोस्टामाइड, प्रोस्टेनोलामाइड, नाव कितीही लांबलचक असले तरी हा तुकडा त्यात बहुधा सापडतो. सापडला, तर वर सांगितलेले सगळे धोके त्या बाटलीलाही लागू. फरक एवढाच, की औषधाची मात्रा ठरलेली आणि तपासलेली असते, इथे ती किती आहे हे कोणी सांगत नाही. यादीच छापलेली नसेल, तर ती वस्तू डोळ्याजवळ नेऊ नये. परदेशी सीरमवर आयातदाराचे नाव-पत्ता आणि नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक असणे भारतीय नियमांनुसार बंधनकारक आहे. तो नसला की माल कोणाच्या तरी सूटकेसमधून आलेला, किंवा बनावट.

‘प्रोस्ट’ नसलेली सीरम बहुधा पेप्टाइडची असतात. मायरिस्टॉइल पेंटापेप्टाइड-१७ हे नाव त्यांत नेहमी दिसते. सोबत पँथेनॉल, हायलुरॉनिक आम्ल, बायोटिन. केस मऊ होतात, त्यांवर पातळ थर बसतो, तुटणे थोडे कमी होते, त्यामुळे पापण्या जरा भरीव दिसतात. वाईट काहीच नाही. परंतु बायमॅटोप्रॉस्टच्या चाचणीशी तुलना करता येईल असा स्वतंत्र पुरावा यांच्या मागे नाही. घ्यायचेच असेल तर बिनवासाचे, साध्या घटकांचे आणि स्वस्तातले घ्यावे. महागडे पेप्टाइड घेण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

एरंडेलाचेही तसेच. घरोघरी रात्री पापण्यांना एरंडेलाचे बोट लावायची पद्धत होती, अजूनही आहे. तेलाने केस चमकतो, ओला-दाट दिसतो. केस वाढतो याचा भरवशाचा पुरावा नाही. निर्जंतुक नसलेले तेल डोळ्यात गेले तर धूसर दिसते आणि चुरचुरते. बाजारातल्या सुरम्याची गोष्ट याहून गंभीर आहे. त्यातल्या काही प्रकारांत चक्क शिशाचे संयुग असते, तेव्हा ‘पापण्या दाट होतात’ म्हणून कोणी सुरमा देऊ केला तर नको म्हणावे.

बायोटिनच्या गोळ्यांबद्दल उतारवयात एक गोष्ट माहीत असायलाच हवी. जास्त मात्रेतल्या बायोटिनने रक्ताच्या काही चाचण्यांचे निकाल चुकतात. त्यांत थायरॉइडची चाचणी आहे आणि हृदयविकाराच्या झटक्यात करतात ती ट्रोपोनिनची चाचणीही आहे. एफडीएने २०१७ मध्ये तसा इशारा दिला. बायोटिनची कमतरता तशी दुर्मीळच, त्यामुळे पापण्यांसाठी ही गोळी घेण्यात मिळायचे थोडे आणि घोटाळा मोठा.

सीरमची यादी इथे संपवू, कारण खरा प्रश्न त्याच्या आधीचा आहे: पापण्या गेल्या का?

उतारवयात सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे पापणीच्या कडेचा जुनाट दाह. सकाळी डोळे चिकटलेले, कडा लालसर, केसांच्या मुळाशी कोंडा. त्यातही डेमोडेक्स नावाचा एक सूक्ष्म, आठ पायांचा जीव असतो. लांबी जेमतेम ०.३ ते ०.४ मिलिमीटर. केसाच्या मुळाच्या पिशवीत तो डोके खाली करून राहतो आणि वयाबरोबर त्याची वस्ती वाढत जाते. सत्तरीनंतर तो नसलेला माणूस विरळाच. बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही. संख्या फार वाढली, की खाज सुटते, केस पातळ होऊन गळतात, वेडेवाकडे उगवतात. नेत्रतज्ज्ञ स्लिट लॅम्प या तपासणीच्या यंत्रावर हनुवटी टेकवायला लावून ‘खाली बघा’ म्हणतात तेव्हा वरच्या पापण्यांची मुळे समोर येतात. प्रत्येक केसाच्या बुडाशी मेणचट पांढुरकी नळी बसलेली दिसली की निदान झाले. अमेरिकेत यासाठी लॉटिलॅनरच्या थेंबांना जुलै २०२३ मध्ये मान्यता मिळाली. कुत्र्या-मांजरांच्या पिसवा आणि गोचिडांवर दिले जाते तेच हे औषध. आपल्याकडे नेत्रतज्ज्ञ पापण्या पुसायचे वाइप्स किंवा टी ट्री तेलाचा अंश असलेली तयार द्रावणे देतात. टी ट्री तेल निर्भेळ, थेट बाटलीतून पापणीवर कधीही लावायचे नाही. डोळा भाजून निघतो.

साधा दाह असेल तर काम घरचेच आहे. स्वच्छ मऊ कापड सोसेल इतक्या कोमट पाण्यात बुडवून, पिळून, मिटलेल्या डोळ्यांवर पाचेक मिनिटे धरायचे. गार झाले की पुन्हा. मग पापणीची कड हलक्या हाताने, केसांच्या मुळाशी, आडवी पुसायची. रोज, काही आठवडे. हे कंटाळवाणे आहे आणि याची जाहिरात कोणी करत नाही. पण कडा निरोगी झाल्या की गळती पुष्कळदा आपोआप थांबते, आणि उरलेल्या केसांना उगवायला जागा मिळते. दाह असताना त्यावर सीरम चोपडले तर तो वाढतोच.

बाकीची कारणे झरझर सांगतो. थायरॉइड मंदावले की भुवईचा बाहेरचा तिसरा भाग आणि पापण्या विरळ होतात. एका रक्तचाचणीत उलगडा होतो. केमोथेरपीत पापण्या जातात आणि बहुतेकांच्या काही महिन्यांत परत येतात. त्या काळासाठी बायमॅटोप्रॉस्टच्या चाचण्या झालेल्या आहेत, तेव्हा कर्करोगतज्ज्ञांना विचारायला हरकत नाही. पाळी गेलेल्या स्त्रियांत एक विशिष्ट आजार दिसतो: आधी भुवया जातात, मग कपाळावरची केसांची रेषा मागे सरकू लागते, कधी पापण्याही जातात. ऑस्ट्रेलियातले त्वचातज्ज्ञ स्टीव्हन कोसार्ड यांनी १९९४ मध्ये त्याचे पहिले वर्णन केले. यात मुळांच्या जागी व्रण तयार होतो, म्हणून सीरममध्ये महिने घालवणे म्हणजे उपचाराची वेळ हातची घालवणे. भुवया आणि पापण्या दोन्ही झडत असतील आणि कातडीवर कुठे बधिरपणा असेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. हा आजार महाराष्ट्रातून पुरता गेलेला नाही. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते आणि आजार पूर्ण बरा होतो.

आणि एक कारण असे, की ते वाचून उठून आरशात पाहावे. एकाच पापणीच्या एकाच जागेचे केस गेले आहेत, तिथे कड जाडसर झाली आहे किंवा गाठ आहे, किंवा तीच ती रांजणवाडी त्याच जागी पुन्हा पुन्हा येते आहे. पापणीतल्या तेलग्रंथींचा कर्करोग अशीच सुरुवात करतो, आणि पाश्चात्य देशांच्या तुलनेत भारतात तो कितीतरी अधिक आढळतो. पापण्यांची वयाची विरळाई दोन्ही डोळ्यांना सारखी येते. एका बाजूचा टक्कल पडल्यासारखा तुकडा वयाचा नसतो. तो सीरमने झाकू नये. त्याचा तुकडा काढून तपासायला हवा.

काहींच्या पापण्या गळलेल्याच नसतात, पांढऱ्या झालेल्या असतात, म्हणून विरळ वाटतात. मग डोक्याला लावून उरलेला कलप काडीने भुवयांना आणि पापण्यांना लावायचा मोह होतो. हे कदापि करू नये. १९३० च्या दशकात अमेरिकेत ‘लॅश ल्युअर’ नावाचा पापण्यांचा कलप निघाला होता. त्यात पॅराफेनिलीनडायअमीन हे रसायन होते, आजच्या बहुतेक काळ्या कलपांत असते तेच. अनेक स्त्रियांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली, काहींची दृष्टी गेली, एकीचा तर मृत्यू झाला. सरकारला ती बाटली बाजारातून काढता येईना, कारण प्रसाधनांवर कायदाच नव्हता. तो १९३८ मध्ये झाला, आणि त्याखाली झालेल्या पहिल्या जप्त्यांत लॅश ल्युअरचा नंबर लागला. आपल्याकडच्या कलपाच्या पाकिटावरही ‘पापण्या किंवा भुवया रंगवण्यासाठी वापरू नये, अंधत्व येऊ शकते’ अशा अर्थाची सूचना कायद्यानेच छापलेली असते. पांढऱ्या पापण्यांना साधा मस्कारा पुरतो, तोही पाण्याने निघणारा. वॉटरप्रूफ काढताना जे चोळणे होते त्यात चांगले केस जातात. उघडलेली मस्काऱ्याची नळी तीनेक महिन्यांनी टाकून द्यावी.

इतके सगळे तपासून झाले, कारण सापडले नाही, डोळे निरोगी आहेत आणि तरीही पापण्या हव्याच आहेत, तर मग बायमॅटोप्रॉस्ट, आणि ते नेत्रतज्ज्ञांच्या चिठ्ठीवर. भारतात ते काचबिंदूचे थेंब म्हणून अनेक कंपन्यांच्या नावांनी मिळते. इंटरनेटवर सोबत ब्रश देऊन, चिठ्ठी न मागता ते विकणारेही भेटतात. त्या वाटेला जाऊ नये, याचे एक रोकडे कारण आहे. सारख्याच नावाला ‘प्लस’सारखी शेपटी लावून आणखी एक बाटली येते आणि तिच्यात बायमॅटोप्रॉस्टच्या जोडीला टिमोलॉल असते. टिमोलॉल हृदयाची गती कमी करते आणि दम्याच्या रुग्णाची श्वासनळी आवळू शकते. पापणीसाठी घेतलेल्या थेंबाने दम्याचा झटका यावा, ही परीक्षा कोणाला हवी आहे?

लावायची रीत साधी आहे, पण वयात तीच अवघड जाते, कारण चष्मा घालून लावता येत नाही आणि काढला तर दिसत नाही. मोठे करून दाखवणारा आरसा घ्यावा किंवा घरातल्या कोणाला लावायला सांगावे. रात्री तोंड धुवावे, कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढावी. निर्जंतुक ब्रशवर एक थेंब घेऊन तो फक्त वरच्या पापणीच्या मुळाशी, आतून बाहेर, एकदाच फिरवावा. खालच्या पापणीला लावायचे नाही. डोळे मिटले की तिला आपोआप लागते तेवढे पुरे. जास्तीचे लगेच टिपून घ्यावे. गालावर ओघळत राहिले तर तिथे लव उगवते, आणि हे उगाच घातलेले भय नाही, औषधाच्या कागदावर लिहिलेले आहे. ब्रश दुसऱ्या डोळ्याला वेगळा आणि पुन्हा न वापरायचा. हात कापत असेल तर या फंदातच पडू नये.

चार महिन्यांत फरक नसेल तर थांबावे. फरक पडला आणि थांबवले, तर काही आठवडे ते काही महिन्यांत पापण्या पूर्वीच्या जागी येतात. म्हणजे हा खर्च एकदाचा नव्हे, चालू ठेवायचा आहे. ज्यांच्या काचबिंदूसाठी प्रोस्टाग्लँडिनचे थेंब आधीच चालू आहेत, त्यांनी पापण्यांसाठी वेगळे काही लावू नये. एकाच जातीची दोन औषधे एकत्र झाली तर डोळ्याचा दाब हवा तसा उतरत नाही.

नेत्रतज्ज्ञांकडे जाताना घरात असलेल्या सीरमची बाटली किंवा तिच्या खोक्याचा फोटो सोबत न्यावा, आणि गेलाच आहात तर डोळ्याचा दाबही तपासून घ्यावा. चाळिशीनंतर तो अधूनमधून तपासायचाच असतो, आणि काचबिंदू पुष्कळदा दृष्टी बरीच जाईपर्यंत जाणवत नाही.